मोजपट्टी कोणाला लावायची?

२०२५ साली राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचे एकच वेळापत्रक साऱ्या महाराष्ट्रासाठी काढले आणि परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. कोकणातल्या मुलाने ज्या दिवशी ज्या विषयाचा पेपर लिहायचा, त्याच दिवशी तोच पेपर विदर्भातल्या मुलाने, पत्र्याच्या छपराखाली, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना लिहायचा. शिक्षक संघटनांनी याविरुद्ध तक्रार केली. गंमत अशी की हेच शासन उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडताना विदर्भासाठी वेगळी, उशिराची तारीख देते. म्हणजे विदर्भाचे ऊन वेगळे आहे हे शासनाला ठाऊक आहे. फक्त परीक्षा घेताना त्याचा त्याला विसर पडतो.

ही चूक केवळ वेळापत्रकाची असती तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु जो विचार या वेळापत्रकाच्या मागे आहे तोच गेली काही वर्षे शालेय शिक्षणात सर्वत्र पसरत चालला आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही नापास करून मागे ठेवू नये असे ठरवले होते. संसदेने २०१९ साली ते कलम सैल केले. महाराष्ट्राने २०२३ साली त्याचा फायदा घेऊन पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. पुनर्परीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही त्याला त्याच वर्गात बसवण्याची तरतूद केली. जागतिक बँकेच्या कर्जावर २०२० साली मंजूर झालेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पात महाराष्ट्र हे सहा राज्यांपैकी एक. त्या प्रकल्पातून राज्यभर एकाच प्रश्नपत्रिकेवर घेतल्या जाणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. एक पेपर, एक वेळ, एक उत्तरसूची. आणि त्यापुढे उभी असलेली मुले मात्र हजार प्रकारची.

या व्यवस्थेने निरनिराळ्या कुवतीच्या, निरनिराळ्या परिस्थितीतल्या मुलांचे हित होते काय, असा प्रश्न आहे. माझे उत्तर नकारार्थी आहे. परंतु ते उत्तर सोपे नाही, कारण या परीक्षांच्या बाजूने बोलणारे सगळेच आपले विरोधक नाहीत. त्यांत आपले कार्यकर्ते आहेत, आपल्या सभांना येणारे शेतमजूर आईबाप आहेत. त्यांचे म्हणणे आधी नीट ऐकून घेतले पाहिजे.

त्यांचे म्हणणे

ते म्हणतात, परीक्षा बंद झाली आणि शाळेची ढकलगाडी झाली. पोरगं आठवीत गेलं तरी त्याला वाचता येत नाही. ही तक्रार खोटी नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. हा आकडा पाहून ज्याची झोप उडत नाही त्याने समाजवादाचे नाव घेऊ नये. ‘नापास नाही’ या कलमाचा अर्थ आपल्या काही मित्रांनी ‘शिकवले नाही तरी चालेल’ असा होऊ दिला आणि त्याबद्दल आपण बोललो नाही, हाही दोष आपल्या पदरी आहे.

त्यांचे दुसरे म्हणणे अधिक मर्मभेदी आहे. खेड्यातला मजूर बाप म्हणतो, ‘‘सरपंचाचा पोरगा आन् माझा पोरगा एका बाकावर बसून एकच पेपर लिहितात, अशी जागा गावात दुसरी कोणती आहे? तीही तुम्ही काढून घेता काय?’’ ज्या समाजात ओळख, जात आणि पैसा यांच्यावाचून पान हलत नाही, तिथे नाव झाकून तपासलेली उत्तरपत्रिका हा गरिबाचा एकमेव न्यायाधीश आहे, अशी ही श्रद्धा आहे. तिचा उपहास करण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु ती तपासून पाहण्याचे कर्तव्य मात्र आहे.

ते तपासण्याचे काम जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच करून ठेवले आहे. हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न घेतला होता. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची रीत तत्त्वतः न्याय्य दिसते हे त्यांनी मान्य केले. आणि लगेच सांगितले की ज्यांच्या घरात विद्या आधीच पोहोचली आहे त्यांनाच तिचा लाभ होतो, इतर वर्गांत शिक्षण पसरण्यास तिची मदत होत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही त्यांच्यासाठी राखाव्यात, असे त्यांनी सुचवले. निकाल पाहून शाळांना अनुदान देण्याची पद्धतही गरीब रयतेत शिक्षण रुजवायला निरुपयोगी आहे, असे त्यांचे मत होते. बाक एक असला म्हणून बाकापर्यंतची वाट एक होत नाही, हे जोतीरावांना जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कळले होते. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या शासनाला ते अजून कळायचे आहे.

घाटावर आणि घाटाखाली

बाकापर्यंतच्या या वाटा पाहायला दूर जायला नको. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसे ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ अशी ओळख सांगतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तिथल्या संग्रामपूर-जळगाव जामोद भागात विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही आणि घरटी एखादा मूत्रपिंडाचा रुग्ण असलेली गावे आहेत. त्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी भिलाला आणि कोरकू वस्त्या आहेत. तिथले मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी ही त्याच्यासाठी दुसरी भाषा असते. घाटावर सिंदखेडराजा, लोणार, मेहकरकडची कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर बाहेर पडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. जी कुटुंबे गावात राहतात त्यांच्याही मुलांचे हात कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत कमी आणि शेतात जास्त असतात.

या साऱ्या मुलांपुढे तीच प्रश्नपत्रिका ठेवली जाते, जी पुण्यातल्या अशा मुलापुढे असते की ज्याच्या घरी टेबल, दिवा, शिकलेली आई आणि शिकवणीचा मास्तर आहे. मग दोघांच्या गुणांची वजाबाकी करून तिला ‘गुणवत्तेतील फरक’ म्हणतात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला विचारावेसे वाटते: ही वजाबाकी मुलांमधली आहे की घरांमधली? एकाच्या शेताला कालव्याचे पाणी आणि दुसऱ्याचे कोरडवाहू असेल, तर सुगीच्या दिवशी दोघांची पोती मोजून ‘दुसरा शेतकरी आळशी आहे’ असा निकाल आपण देतो काय? शेताच्या बाबतीत जो न्याय आपल्याला मूर्खपणाचा वाटतो तोच मुलांच्या बाबतीत आपण बिनदिक्कत चालवून घेतो.

आणि फरक केवळ घरांचाच असतो असेही नाही. खुद्द मुलांमध्येही फरक असतात. एखाद्याला अक्षरे उलटीसुलटी दिसतात, एखाद्याला तोंडी सगळे येते पण कागदावर उतरत नाही, एखाद्याला ऐकू कमी येते आणि तो मागच्या बाकावर बसलेला असतो. कायद्याला हे माहीत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमता मान्य केली आहे. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, विषयांतील सवलत मिळते. महाराष्ट्रात या सवलती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकातच सुरू झाल्या. परंतु सवलतीला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला तपासणी लागते आणि तपासणीला तज्ज्ञ लागतो. त्या तज्ज्ञांची केंद्रे प्रथम उभी राहिली ती मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी. परिणाम काय झाला? शहरातल्या सुशिक्षित घरातल्या मुलाच्या अडचणीला वैद्यकीय नाव मिळाले आणि त्याच्या पालकांच्या हाती सवलतीचा कागद आला. सातपुड्याच्या पायथ्याशी तीच अडचण असलेल्या मुलाला पूर्वापार चालत आलेले एकाक्षरी नाव मिळाले: ‘ढ’. समान परीक्षेतला अपवादसुद्धा आपल्याकडे असमान आहे.

अध्यापनाच्या वर्षांत मी पाहिलेला एक विद्यार्थी मला आठवतो. दहावीला गणितात दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला तो काठावर पास झाला होता. वर्गात पीककर्जाचा विषय निघाला तेव्हा वडिलांच्या सोसायटीच्या कर्जाचे व्याज, ३१ मार्चच्या आत भरले तर किती आणि नंतर भरले तर किती, हे त्याने फळ्याकडे न पाहता तोंडी सांगितले. मी कागदावर हिशेब करून पाहिला, बरोबर होता. त्याला गणित येत नव्हते असे म्हणणाऱ्या दोन गुणपत्रिका त्याच्या घरी होत्या, आणि त्या त्याने खऱ्या मानल्या होत्या. पुढे कोणतीही स्पर्धा परीक्षा त्याने दिली नाही. ‘‘सर, आपलं डोकं त्यातलं नाही,’’ असे तो म्हणाला. परीक्षेने मुलाविषयी चूक केली तर ती चूक दुरुस्त होऊ शकते. परंतु मूलच तो निकाल आत्मसात करते, तेव्हा दुरुस्ती कोण करणार?

पट्टी तरी सरळ आहे काय?

एवढे सगळे मान्य करूनही कोणी म्हणेल की परिस्थिती विषम असली तरी मोजपट्टी अचूक आहे. थर्मामीटर ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडू नये. ठीक आहे. मग आपल्या राज्यातल्या सर्वांत प्रतिष्ठित थर्मामीटरकडे, म्हणजे दहावीच्या परीक्षेकडे पाहू.

मार्च २०१८मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९मध्ये भाषा व समाजशास्त्रे यांचे अंतर्गत गुण काढून घेतले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२०मध्ये ते गुण परत दिले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला, निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१मध्ये साथीमुळे परीक्षाच झाली नाही, मागच्या इयत्तेच्या व अंतर्गत गुणांवरून निकाल काढला; तो ९९.९५ टक्के होता. चार वर्षांत मुले तीच, शाळा त्याच, शिक्षक तेच. महाराष्ट्राची पोरे २०१९मध्ये एकाएकी मठ्ठ झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असे मानायचे काय? पट्टी बदलली की उंची बदलते, एवढाच याचा अर्थ. २०१९च्या उन्हाळ्यात ज्या मुलांच्या कपाळी नापासाचा शिक्का बसला त्यांतली कितीतरी मुले एक वर्ष आधी किंवा एक वर्ष नंतर जन्मली असती तर उत्तीर्ण ठरली असती. जो थर्मामीटर हवा बदलताच तापाचे आकडे बदलतो, त्याच्या भरवशावर कोणता वैद्य औषध देईल?

आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचे भाकीत सांगतात. चळवळीतली माणसे त्यावर टीका करतात, करावी. पण पंधरा वर्षांच्या मुलाच्या तीन तासांच्या लिखाणावरून त्याच्या पुढच्या चाळीस वर्षांचे भाकीत करणारी दुसरी घटमांडणी दर मार्चमध्ये होते, आणि तिच्यापुढे मात्र आपण सारे विज्ञाननिष्ठ लोक हात जोडून उभे असतो.

पट्टी वाकडी होण्याचे आणखी एक कारण आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले होते. त्याचा मथितार्थ असा की एखादे मोजमाप नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याचा भरवसा संपतो, कारण माणसे काम सुधारण्याऐवजी आकडा सुधारू लागतात. याचा दाखला आमच्याच जिल्ह्याने दिला. ३ मार्च २०२३ रोजी बारावीचा गणिताचा पेपर सिंदखेडराजा तालुक्यातून परीक्षा सुरू होण्याआधीच मोबाइलवर फिरू लागला. प्रकरण विधानसभेत गाजले, गुन्हे दाखल झाले, अटक झालेल्यांत शिक्षकही होते. जिजाऊंच्या जन्मगावाच्या परिसरात हे घडले म्हणून सर्वांनी लाज वाटल्याचे सांगितले, आणि कॉपीमुक्तीच्या मोहिमा, भरारी पथके, पोलीस बंदोबस्त यांची वाढ झाली. परंतु शाळेची पत, शिक्षकाची मान आणि संस्थेची भरती जर एका टक्केवारीवर टांगलेली असेल, तर ती टक्केवारी कोणत्या ना कोणत्या मार्गाने वाढवली जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी. पण गुन्ह्याला बाजारभाव कोणी दिला तेही विचारले पाहिजे.

बाजार हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. चांगल्या सरकारी महाविद्यालयातल्या जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, अशी टंचाई शासनाने वर्षानुवर्षे राखली आहे. टंचाईच्या मालाचे वाटप करायला रांग लागते, आणि परीक्षा ही ती रांग आहे. रांगेत कोण पुढे उभा राहील हे शिकवणीवर्गांच्या फीवर ठरू लागले. लातूर, नांदेडपासून कोट्यापर्यंत त्याचा उद्योग उभा राहिला. पाचवीच्या मुलाला नापास करण्याची तरतूद ही त्या रांगेचे शेपूट दहा वर्षांच्या मुलापर्यंत आणून सोडते. ज्याला रांगेतूनच बाहेर काढले त्याच्यासाठी जागा मागावी लागत नाही, ही यातली सोय आहे. पाचवीत दोनदा बसलेली मजुराची मुलगी तिसऱ्यांदा बसत नाही. ती वेचणीला जाते आणि मग तिचे लग्न होते.

मग मोजायचेच नाही काय?

मोजायचे, परंतु काय मोजतो आणि कशासाठी मोजतो हे वेगळे करून मोजायचे. एक मोजमाप शिक्षकाचे असते: हे मूल कुठे अडले आहे ते शोधून त्याला पुढे नेण्यासाठी. ते रोजचे, वर्गातले आणि प्रत्येक मुलाचे वेगळे असले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमाने प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला लागेल ते जादा शिक्षण देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. नापास न करण्याचे कलम आणि हे कलम ही एका गाडीची दोन चाके होती. शासनाने दुसरे चाक कधी बसवलेच नाही. साठ मुलांना दोन शिक्षक, त्या दोघांकडे पाच वर्ग, आणि त्यातला एक निवडणुकीच्या किंवा गणनेच्या कामावर. मग गाडी चालत नाही म्हणून पहिले चाकही काढून टाकले.

दुसरे मोजमाप व्यवस्थेचे असते: कोणत्या तालुक्यात, कोणत्या शाळांत मुले शिकत नाहीत हे कळावे म्हणून. त्यासाठी सर्व मुलांची परीक्षा लागत नाही, नमुना पाहणी पुरते. वर उल्लेखलेली ‘असर’ पाहणी अशीच आहे. तिच्यात एकही मूल नापास होत नाही, तरी देशाच्या शिक्षणाची नाडी कळते. भाताची परीक्षा शितावरून होते. त्यासाठी सारा भात चिवडून खराब करावा लागत नाही. त्या पाहणीत जी शाळा मागे पडेल तिला आधी शिक्षक, आधी पैसा, आधी पुस्तके, हा नियम हवा. आज नेमके उलट आहे: पाहणीत शासन नापास होते आणि शिक्षा मुलाला होते.

हे काही अतिरेकी मागणे नाही. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने शालान्त प्रमाणपत्रावर विषयवार कामगिरी लिहावी, संपूर्ण परीक्षेत पास किंवा नापास असा शेरा मारू नये, असे सुचवले होते. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूरकडचे. त्या सूचनेला साठ वर्षे होत आली.

म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. पाचवी व आठवीच्या मुलाला त्याच वर्गात बसवण्याची तरतूद रद्द करावी. मात्र तिच्या जागी मागे पडलेल्या प्रत्येक मुलासाठी शाळेच्या वेळेत जादा शिकवणीची सक्ती शासनावर असावी. शिक्षकांच्या रिक्त जागा भराव्यात आणि त्यांच्यावरची अशैक्षणिक कामे काढावीत. स्थलांतराच्या हंगामात मुलांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर, म्हणजे कुटुंबे निघण्याआधी सुरू व्हावीत. अध्ययन अक्षमतेची तपासणी प्रत्येक तालुक्यात, मराठीतून आणि मोफत व्हावी. सातपुड्यातल्या मुलांसाठी ती त्यांच्या बोलीतून व्हावी.

आणि मागण्यांची निवेदने देऊन थांबू नये. प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत असा कायदा आहे. आपल्यापैकी किती जण आपापल्या गावातल्या समितीच्या बैठकीला जातात? ज्या मजूर बापाचा प्रश्न मी वर दिला, त्याला उत्तर व्याख्यानातून मिळणार नाही. त्याच्याबरोबर त्या बैठकीत बसून, ‘‘माझे मूल नापास का झाले ते सांगण्याआधी, तुम्ही त्याला किती दिवस शिकवले ते सांगा,’’ हा प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला, तरच त्याला पटेल की आपण त्याच्या मुलाची परीक्षा काढून घेत नाही. ती जिथे व्हायला हवी तिथे नेतो आहोत.